वाळवंटातील मांसल वनस्पती : त्यांची जीवनरीती व आपले अध्यापन
(केंद्र संमेलनात शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'सजीवांचे अनुकूलन' असा विषय छापला आहे. विषय फार मोठा आहे आणि जेवणानंतरची ही वेळ लहान आहे. तेव्हा त्यातील एकच भाग मी घेणार आहे. ज्यांच्या खोडांत अथवा पानांत पाण्याचा साठा असतो अशा वनस्पतींना मांसल वनस्पती म्हणतात. वाळवंटातील उन्हाशी व तहानेशी त्या कसा व्यवहार करतात, एवढेच आज पाहू.

शाळाभेटींच्या निमित्ताने हा पाठ मी पुष्कळ वर्गांत ऐकला आहे. बहुतेक ठिकाणी मुले एका सुरात तीन वाक्ये म्हणतात : निवडुंगाला पाणी कमी लागते, निवडुंगाच्या पानांचे काटे झालेले असतात, म्हणून निवडुंग वाळवंटात जगतो. यांतील पहिले वाक्य अर्धे खरे आहे. दुसरे एका निवडुंगाबाबत खरे व दुसऱ्याबाबत साफ खोटे आहे. तिसरे तर पहिल्या दोहोंतून निघतच नाही. यात मी कोणास दोष देत नाही, कारण हीच तीन वाक्ये मीही अनेक वर्षे मुलांकडून घोकून घेतली आहेत. इतकेच नव्हे, तर त्यापायी एका मुलाचे माझ्याकडून नुकसान झाले. ती हकिगत आधी सांगतो.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कोरडवाहू गावच्या शाळेत मी चौथीच्या वर्गास शिकवीत होतो. शाळेच्या आडाजवळ पानफुटीचा एक ताटवा होता. येता-जाता कुठला ना कुठला पाला तोंडात टाकण्याची खोड बहुतेक खेड्यांतील मुलांना असते. आंबोशी, चिंचेचा कोवळा पाला, जे मिळेल ते. त्या दिवशी मी वनस्पतींचा पाठ घेत असता मागच्या रांगेतील एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, पानफुटीचं पान सकाळच्याला आंबट लागतंय अन् शाळा सुटल्यावर काहीच लागत नाही. असं कशानं होतं?" मी म्हणालो, "पाला खायला तू काय शेळी आहेस का?" वर्ग खदखदून हसला. मुलगा खाली बसला. त्या वर्षात त्याने पुन्हा प्रश्न विचारल्याचे मला स्मरत नाही.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते, हे मी त्या वेळी स्वतःशीही कबूल केले नाही. ते उत्तर मला फार उशिरा मिळाले. आजचा सारा विषय त्या उत्तरातच आहे. परंतु तेथे पोचण्यापूर्वी आपणांस प्रत्यक्ष वाळवंटात थोडे हिंडून यावे लागेल.

उत्तर अमेरिकेत सोनोरा नावाचे वाळवंट आहे. त्याचा काही भाग अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात व मोठा भाग मेक्सिको देशात येतो. तेथील टूसॉन शहराच्या आसपास वर्षाकाठी सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडील अवर्षणप्रवण तालुक्यांतही याहून पुष्कळ अधिक पडतो. या वाळवंटात सवारो नावाचा एक प्रचंड निवडुंग वाढतो. त्याच्या रक्षणार्थ तेथे १९३३ साली मोठे क्षेत्र राखून ठेवण्यात आले व १९९४ साली त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सवारोचा हिरवा खांब १२ मीटर किंवा त्याहूनही उंच होतो. त्याला पाने नसतात. पानांचे सारे काम हिरव्या खोडानेच चालते.

या खोडाची रचना मुलांस फळ्यावर काढून दाखविण्याजोगी आहे. त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत उभ्या घड्या असतात. पाऊस झाला की खोड पाणी पिते आणि या घड्या उलगडून खोड फुगते. उन्हाळ्यात पाणी खर्च होत गेले की घड्या पुन्हा मिटून खोड रोडावते. भजनातील पेटीचा भाता ज्याने पाहिला आहे त्यास हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. घड्या नसत्या तर पाणी पिताच साल तडकली असती. आत मऊ गराचा साठा व मधोमध लाकडी काठ्यांचा सांगाडा अशी ही उभी पखाल आहे, आणि मोठ्या झाडात ती काही हजार किलो वजनाची होते.

आता मुळांचे पाहा. वाळवंटातील झाडाची मुळे पाण्याच्या शोधात खोल खोल जातात, असे आपण सांगतो. काही झुडपांबाबत ते खरे आहे. सवारोबाबत ते उलटे आहे. त्याचे एक सोटमूळ अर्धा-पाऊण मीटर खाली जाते खरे. परंतु बाकीची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या १०-१५ सेंटीमीटरच्या थरातच राहतात व झाड जितके उंच तितकी लांबवर सभोवार पसरतात. याचे कारण असे की, त्या प्रदेशातील पाऊस सरीसरीने येतो व वरची माती भिजवून जातो. पाणी खोल मुरण्यापूर्वीच ऊन ते परत नेते. ज्यास ते हवे असेल त्याने लगेच उचलले पाहिजे. पाऊस पडताच अशा निवडुंगांच्या मुळांवर थोड्याच काळात बारीक तंतुमुळे फुटतात व माती वाळली की ती झडून जातात. कोरड्या दिवसांत उरलेली मुळे थोडी आकसतात आणि त्यांच्याभोवती पोकळी पडते. त्यामुळे कोरडी माती झाडातले पाणी उलट ओढून घेऊ शकत नाही. पाणी आत घेण्याची जितकी घाई, तितकीच ते बाहेर जाऊ न देण्याची दक्षता असते.

आता आपल्या पहिल्या वाक्याकडे वळू. सवारोस पाणी कमी लागते काय? पाऊस असताना तो अधाशासारखा पितो. त्यास कमी लागते ते वारंवार मिळणारे पाणी. हा फरक लहान वाटेल, परंतु कुंड्यांतील शोभेचे निवडुंग ज्या शाळांनी ठेवले आहेत त्यांना तो महागात पडतो. काही ठिकाणी मुले प्रेमाने रोज तांब्याभर पाणी घालतात व महिन्याभरात निवडुंग बुडाशी कुजतो. काही ठिकाणी 'निवडुंगाला पाणी लागत नाही' असे गुरुजींनी सांगितल्यामुळे वर्षभर कोणी पाणीच घालीत नाही व तो वाळून जातो. माती पूर्ण वाळल्यावर भरपूर पाणी द्यावे व पुन्हा वाळू द्यावी, हा त्याच्या मायदेशीच्या पावसाचा क्रम होय.

ज्या वाळवंटात पावसाची खातरी अजिबात नाही, तेथे मांसल वनस्पती फारशा आढळत नाहीत, हेही ध्यानी घ्यावे. सहारा वाळवंटाच्या अतिशुष्क अंतर्भागात अथवा ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी असे मोठे खांब उभे दिसत नाहीत. पावसाचे पाणी साठवून जगावयाचे, तर तो थोडा असला तरी दरसाल यावा लागतो. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील कारू प्रदेशात हिवाळी पाऊस थोडा पण बराचसा नियमित पडतो. जगातील मांसल वनस्पतींच्या जातींपैकी सुमारे एक तृतीयांश जाती त्या एका प्रदेशात आहेत. सवारोच्या वाळवंटात तर वर्षातून दोनदा, हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या अखेरीस, पाऊस येतो.

त्याच दक्षिण आफ्रिकेतील एका वनस्पतीची गोष्ट मुलांस फार आवडते. १८११ साली बर्चेल नावाच्या प्रवाशाने तेथील गोटाळ जमिनीवरून एक विचित्र आकाराचा खडा उचलला. पाहतो तो काय, ती वनस्पती निघाली. हिला लिथॉप्स म्हणतात. लोक 'जिवंत दगड' असेही म्हणतात. हिला जाडजूड पानांची एकच जोडी असते व ती बहुतांशी जमिनीत रुतलेली असते. वर दिसतो तो पानांचा सपाट माथा. त्याचा रंग भोवतालच्या खड्यांसारखा असतो. या माथ्यावर काचेसारखे अर्धपारदर्शक भाग असतात, त्यांतून उजेड आत उतरतो आणि जमिनीखालच्या हिरव्या पेशींपर्यंत पोचतो. दरसाल जुन्या जोडीच्या पोटातून नवी जोडी येते. ती जुनीतले पाणी शोषून वाढते आणि जुनीचे शेवटी कागदासारखे पापुद्रे होतात.

आता आकाराचा हिशेब. पाचवी ते सातवीच्या वर्गांसाठी हा गणिताचाही पाठ होईल. १० सेंटीमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे घनफळ १,००० घनसेंटीमीटर व पृष्ठफळ ६०० चौरस सेंटीमीटर. तितकाच गोळा लाटून एक मिलिमीटर जाडीचा, १०० सेंटीमीटर बाजूचा चौरस केला तर घनफळ तेच राहते. परंतु पृष्ठफळ २०,०४० चौरस सेंटीमीटर होते. पाणी तेवढेच आणि ते उडून जाण्याची जागा तेहतीसपटींहून अधिक! मग निवडुंग पातळ पाने का ठेवीत नाही आणि खांबासारखा किंवा गोळ्यासारखा का असतो, हे मुलेच तुम्हांस सांगतील. खालच्या वर्गांत आकडे नकोत. सारख्या मापाची दोन फडकी भिजवून घ्यावीत. एक दोरीवर पसरावे, दुसरे घट्ट गुंडाळून ठेवावे. मधल्या सुट्टीनंतर हात लावून पाहावा.

सालीवरील मेणाचा थर दाखविण्यास कोरफडीसारखी दुसरी सोय नाही. कोरफडीच्या एकाच जाड पानाचे दोन सारखे तुकडे करावेत. एकाची साल काढावी, दुसऱ्याची ठेवावी, व दोन्ही खिडकीत ठेवावेत. सोललेला तुकडा लवकर सुकून चामट होतो. न सोललेला कापलेल्या तोंडाशी तेवढा आकसतो आणि आतून पुष्कळ दिवस ओला राहतो.

काट्यांविषयी मात्र आपण जपून बोलले पाहिजे. आपल्याकडे 'निवडुंग' या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न कुळांतील वनस्पती येतात. चपट्या, हाताच्या पंजाएवढ्या पेरांचा तो फड्या निवडुंग. त्याचे कूळ मूळचे अमेरिकेतले. सवारो त्याचा भाऊबंद. या कुळाची एक जात वगळता बाकी सर्व जाती मूळच्या अमेरिका खंडातीलच आहेत. फड्याच्या अंगावर लहान गादीसारखे उंचवटे असतात व त्यांतून काट्यांचा झुबका निघतो. हे काटे म्हणजे पानांचेच बदललेले रूप आहे. अगदी कोवळ्या पेरावर इवलीशी खरी पानेही दिसतात व ती लवकर गळतात. आपला तीनधारी निवडुंग मात्र या कुळातला नव्हे. तो एरंडाच्या कुळातला. तो मोडला की पांढरा चीक येतो व त्याचे काटे जोडीजोडीने असतात. हे काटे पानाच्या देठाशी असणाऱ्या उपपर्णांपासून झालेले आहेत, पानांपासून नव्हे. पाने निराळी येतात व कोरड्या दिवसांत गळून जातात. राजस्थान व गुजरातच्या खडकाळ टेकड्यांवर वाढणारा थोर याच कुळातला. कुंपणाचा शेरही याच कुळातला. त्याला तर काटेच नसतात, तरी तो उन्हाळा काढतो. मग 'काटे आहेत म्हणून जगतो' हे कसे टिकावे? काटे जनावरांपासून पाण्याचा साठा राखतात, दाट असले तर खोडावर थोडी सावली धरतात. पण जगण्याचे मुख्य कारण दुसरेच आहे.

दोन कुळे, दोन खंड आणि रूप मात्र एक, हे मोठे नवल आहे. ते शिकविताना 'निवडुंगाने विचार केला व पानांचे काटे करून घेतले' असे कृपा करून सांगू नये. ज्या रोपांची ठेवण कोरड्या हवेत थोडी अधिक उपयोगी पडली ती टिकली, त्यांचे बी पसरले, आणि असे लक्षावधी पिढ्या चालत राहिले. डार्विनने १८५९ साली मांडलेले हे तत्त्व सोप्या शब्दांत चौथीच्या मुलासही सांगता येते. शेतकऱ्याचे मूल बियाणे निवडताना रोज पाहत असते. येथे निवडणारा माणूस नसून दुष्काळ आहे, इतकाच फरक. अमेरिकेतील निवडुंगांचे कूळ सुमारे तीन ते साडेतीन कोटी वर्षांपूर्वी निर्माण झाले असावे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

चिकाचा उल्लेख आला आहे तर एक सूचना येथेच देतो. तीनधारी निवडुंग व शेर यांचा चीक डोळ्यांत गेल्यास डोळ्यास गंभीर इजा होते. या झाडांची फांदी मुलांनी तोडावयाची नाही व वर्गात आणावयाची नाही. कुंपणाशी नेऊन दुरून दाखवावी. चीक डोळ्यांत गेलाच तर ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा व वेळ न घालविता दवाखाना गाठावा. फड्याच्या झुबक्यांतील केसांएवढे बारीक काटेही बोटांत रुतून बसतात. आणखी एक गोष्ट : वाळवंटात तहानलेला प्रवासी निवडुंग कापून पाणी पितो, असे चित्र कथांत रंगविलेले असते. ते मुलांच्या मनातून काढून टाकावे. बहुतेक निवडुंगांचा रस बुळबुळीत व आंबट-कडू असतो. तो प्याल्याने वांत्या होऊन अंगातले पाणी उलट कमीच होते.

आता मुख्य कारणाकडे येऊ. येथेच तो पानफुटीवाला मुलगा परत भेटतो.

वनस्पतीस अन्न तयार करण्यासाठी हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू लागतो. तो पर्णरंध्रांतून आत येतो. परंतु तो यावा म्हणून रंध्राचे दार उघडले की त्याच दाराने आतल्या पाण्याची वाफ बाहेर जाते. दार लावले तर पाणी वाचते, पण उपासमार होते. उघडले तर अन्न मिळते, पण तहान लागते. प्रत्येक हिरव्या झाडाची ही अडचण आहे. सामान्य झाडे दिवसा दारे उघडतात, कारण सूर्यप्रकाशही दिवसाच मिळतो. त्यांस १ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळविण्यासाठी सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमवावे लागते. आपली ज्वारी व मका यांची आतली व्यवस्था अधिक काटकसरीची आहे. त्यांचे काम २५० ते ३०० ग्रॅमांत भागते. सवारो, फड्या, कोरफड, घायपात, अननस व पानफुटी यांचे काम अवघ्या ५० ते १०० ग्रॅमांत होते.

हे कसे साधते? या वनस्पती आपली दारे रात्री उघडतात. रात्री हवा गार व दमट असते, त्यामुळे वाफ कमी जाते. पण रात्री ऊन नसते, म्हणजे अन्न शिजविता येत नाही. म्हणून आत आलेला वायू त्या एका अम्लाच्या रूपात बांधून पेशींतील रिक्तिकांमध्ये साठवितात. यास मॅलिक अम्ल म्हणतात. कच्च्या सफरचंदाचा आंबटपणा याच अम्लाचा. पहाटेपर्यंत साठा पुरता भरतो. दिवस उगवला की दारे बंद होतात. मग बंद दारांआड ते अम्ल हळूहळू मोकळे केले जाते, त्यातून तो वायू पुन्हा सुटतो, आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्याचे अन्न बनते. रात्री दळण भरून ठेवावे व दिवसा दार लावून भाकरी भाजाव्यात, तसा हा संसार आहे. सायंकाळपर्यंत अम्ल संपलेले असते.

म्हणजे पान पहाटे आंबट आणि सायंकाळी बेचव असणारच!

हे प्रथम ध्यानात कोठे आले, ठाऊक आहे काय? आपल्या भारतात, आणि तेही पानफुटीवरच. बेंजामिन हाइन नावाचे एक जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत दक्षिण हिंदुस्थानात होते. पानफुटी मूळची मादागास्कर बेटाकडील; पण ती तेव्हा येथील बागांत रुळली होती. हाइन यांनी तिची पाने चाखून पाहिली व १८१३ साली लंडनच्या लिनियन सोसायटीस कळविले की, ही पाने सकाळी चुक्याइतकी आंबट असतात, दुपारपर्यंत बेचव होतात व सायंकाळी किंचित कडवट लागतात. त्यामागची रसायनक्रिया उकलण्यास पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. तिचे बरेचसे काम विसाव्या शतकाच्या मध्यास झाले.

प्रशिक्षणाच्या तयारीसाठी वाचीत असता हाइन यांची ही हकिगत माझ्यासमोर आली, तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. शाळेच्या आडाजवळ एका नऊ वर्षांच्या मुलाने स्वतःच्या जिभेने हेच ताडले होते, दोन वेळा घेऊन ताडले होते, आणि कारणही विचारले होते. त्यास मी शेळी म्हटले. तो मुलगा पुढे कोठे गेला, हे मी त्या गावी जाऊन विचारले. कुटुंब कामासाठी बाहेर पडले, एवढेच कळले.

असो. एवढी उत्तम व्यवस्था आहे तर सर्व झाडांनी ती का स्वीकारली नाही, असा प्रश्न एखादे चुणचुणीत मूल विचारील, विचारलाच पाहिजे. याचे उत्तर असे की, रात्री साठविता येईल तेवढ्याच अम्लावर दुसऱ्या दिवसाची भाकरी ठरते. साठा मर्यादित, म्हणून वाढही मंद. सवारोचे रोप पहिल्या दहा वर्षांत जेमतेम बोटभर वाढते. ते बहुधा पालो वेर्दे किंवा मेस्कीट अशा एखाद्या झाडाच्या आडोशाला वाढते, कारण उघड्यावर उन्हाने, थंडीने अथवा जनावरांनी ते टिकत नाही. मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची जवळची नातलग. सवारोस पहिली फांदी फुटण्यास पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात व काही ठिकाणी त्याहूनही अधिक. आयुष्य मात्र दीडशे ते दोनशे वर्षांचे. ज्वारीस हे परवडणार नाही. तिला चार महिन्यांत कणीस द्यावयाचे असते. आपल्या घोळीने मात्र मधला मार्ग काढला आहे. पाणी असेतो ती ज्वारीसारख्या काटकसरीच्या पद्धतीने भराभर वाढते आणि पाण्याचा ताण पडला की रात्रीचे दारही वापरू लागते. घोळीची भाजी आपण इतक्यांदा खातो, पण तिच्याकडे कधी या दृष्टीने पाहत नाही.

आता प्रयोगाविषयी. पाने चाखावयाची नाहीत, हे प्रथम सांगतो. हाइन यांनी चाखली, त्या मुलानेही चाखली. परंतु पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात व ती गुरांस बाधते, हे आता ठाऊक झाले आहे. आपण लिटमस कागद वापरू. उन्हात वाढलेल्या पानफुटीचे एक जून, जाड पान दिवस उगवण्यापूर्वी खुडावे. शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या मुलाकडे हे काम सोपवावे. खुडलेले पान उजेडात ठेवल्यास त्यातील अम्ल कमी होऊ लागते, म्हणून ते डब्यात घालून झाकण लावावे व शाळा भरताच प्रयोग करावा. पान ठेचून त्याचा रस निळ्या लिटमसवर लावावा. कागद स्पष्ट तांबडा होतो. त्याच झाडाचे दुसरे पान शाळा सुटण्याच्या सुमारास खुडून तसेच करावे. रंग तितका पालटत नाही. दोन्ही कागद वाळवून तारीख व वेळ घालून वहीत चिकटवावेत. ढगाळ दिवशी फरक पुसट येतो, तेव्हा स्वच्छ उन्हाचा दिवस निवडावा. ज्यांच्याकडे आम्लता मोजण्याचे रंगपट्टीचे कागद असतील त्यांनी तेच वापरावेत. त्यांत फरक अधिक चांगला कळतो. तुलनेसाठी आंब्याचे वा जास्वंदीचे पानही दोन्ही वेळा घ्यावे, म्हणजे ही करामत सर्व पानांची नव्हे हे मुलांना आपोआप दिसेल.

उत्तर आधी सांगू नये. दोन कागद वहीत चिकटल्यावर मुलांस विचारावे की सकाळचा आंबटपणा गेला कोठे. आणि मग कोणी काहीही सांगितले, अगदी भलतेच सांगितले, तरी ते फळ्यावर लिहून घ्यावे.

ज्या शाळांत पानफुटी नाही त्यांची अडचण होऊ नये म्हणून मी येताना पिशवीभर पाने आणली आहेत. ती दाराजवळच्या बाकावर ठेवली आहेत. शाळेगणिक दोन न्यावीत. पान उताणे किंवा पालथे कसेही ओल्या मातीवर ठेवावे व सावलीत राहू द्यावे. दोन-तीन आठवड्यांत कडेच्या खाचांतून रोपे फुटतील. ती बोटभर झाली की उन्हात लावावीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रयोगास लागणारी पाने तयार झालेली असतील.